गोलकीपर कस्तुरी घुगरी

"मल्लूदादा, मी फुटबॉल खेळाडू हाय म्हणं?"

रुबिनानं मोबाइल काउंटरवर माझ्यापुढं ठेवला, तेव्हा मी एका म्हाताऱ्याच्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होतो. स्क्रीनवर मेसेज होता. अभिनंदन, मंगळवार चौक स्पोर्ट्सच्या महिला संघात खेळाडू म्हणून आपली नोंदणी झाली आहे. जर्सी क्रमांक सात.

रुबिना नाईकवाडी ही आमच्या आसिफची धाकटी बहीण. आसिफ आमच्या टीमचा फॉरवर्ड, आणि ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मी म्हाताऱ्याला उलट्या बाजूची कॉपी दिली. ती त्यानं परत केली. दुसरी काढली.

"अगं, ते कागदापुरतं हाय," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हंजे नुसतं नाव."

"नाव माझं हाय न्हवं?"

मी मशीनचं झाकण लावलं. ती म्हणाली, "बाकीची नावं दाखवा." मी कशाला दाखवावी? पण दाखवली. तिनं सगळ्या यादीचा फोटो काढला आणि सायकलवर टांग टाकून गेली. म्हातारा म्हणाला, "पोरगी कुणाची गा ही?"

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. हिरण्यकेशीच्या काठचं आमचं गाव तालुक्याचं, पण फुटबॉलचं वेड जिल्ह्याला पुरून उरेल एवढं. मी मंगळवार चौक स्पोर्ट्सचा सेक्रेटरी होतो, अकरा वर्षं. झेरॉक्सचं दुकान पोटासाठी आणि क्लब बाकी सगळ्यासाठी. त्या वर्षी आमची टीम अशी काही खेळत होती की माझाच माझ्यावर विश्वास बसत नव्हता. जानेवारीपर्यंत आठ मॅचेस, त्यात सहा जिंकल्या, दोन बरोबरीत. पहिल्या दोन टीम पुढच्या वर्षी वरच्या गटात जाणार होत्या, आणि चौकाची टीम वरच्या गटात गेल्याला तीस वर्षं झाली होती. आमचे अध्यक्ष रावसाहेब खोराटे, सगळ्यांचे अण्णा, त्या शेवटच्या टीममध्ये बॅकला खेळलेले. आता गुडघे गेलेले, पण प्रत्येक मॅचला लाइनच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि गोल झाला की त्या गुडघ्यांवर उभे राहायचे.

आणि अशात असोसिएशनचं पत्र आलं. वरच्या गटात यायचं असेल तर क्लबकडे महिला संघ पाहिजे. नुसती नोंदणी नाही, मार्च संपायच्या आत एक तरी अधिकृत मॅच खेळलेली पाहिजे.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. "मल्लू, अठरा नावं पायजेत. कुठनंबी आण."

पोरांनी बहिणींची आधार कार्डं आणून दिली. कुणी भावजयीचं आणलं. अर्ज मी भरले, सह्याही मीच ठोकल्या, वेगवेगळ्या पेनांनी. सतरा झाली. अठरावं नाव मिळेना, आणि गोलकीपरचा रकाना तसाच रिकामा. रात्र व्हायच्या आत अर्ज पाठवायचा होता. मी माझ्या बायकोचं नाव घातलं. गोलकीपर, कस्तुरी घुगरी. मोबाइल नंबर माझाच दिला, त्यामुळं मेसेजही माझ्याच मोबाइलवर आला. तो मी पुसून टाकला.

आठवड्यानं रविवारी सकाळी दारात आवाज आला. "गोलकीपर कस्तुरी घुगरी हितंच राहत्यात काय वो?"

कस्तुरी शेंगदाणे भाजत होती. उलथनं हातात घेऊनच बाहेर आली. दारात रुबिना आणि तिच्यामागं आणखी तिघीजणी.

"कोण राहतंय?"

"गोलकीपर," रुबिना म्हणाली आणि मोबाइलमधली यादी तिच्यापुढं धरली. "वैनी, ह्यात अठरा जणी हायत. मी सगळ्यांच्या घरी जाऊन आलो. चौघींची लग्नं ठरल्यात, एक गरवार हाय. बाकीच्या बाराजणी येतो म्हणाल्यात. पण तुमच्याबिगर गोलात कोण न्हाई."

कस्तुरीनं यादी वाचली. मग माझ्याकडं बघितलं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत होती, दुकानात एखादी वस्तू उचलून मागची किंमत बघावी तशी.

"किती वाजता?" तिनं विचारलं.

"सकाळी सहाला."

"सहाला दूध येतंय. साडेसहाला जमंल."

आत शेंगदाणे करपले होते.

मी अण्णांना सांगितलं की पोरी खरंच खेळायचं म्हणतायत. मला वाटलं ते उखडतील. ते हसले. "खेळू देत की. सकाळी कोण असतंय मैदानावर? फोटो तरी खरा येईल."

फेब्रुवारीत किल्ला बॉइजचा सेक्रेटरी संभा मोहिते चहाच्या गाड्यावर भेटला. त्यांची टीम गटात पहिली, त्यांनाही तीच अट. त्यांनीही पोरी गोळा केल्या होत्या. संभा म्हणाला, "आपल्या पोरांची शेवटची मॅच एकमेकाशीच हाय, मार्चच्या शेवटच्या रविवारी, चारला. त्याच्या आधी साडेतीनला पोरींची उरकू. दहा मिनिटं, मग दहा मिनिटं. शून्य-शून्य. फोटो, सह्या, संपलं. रेफरीला मी सांगतो."

"नियमात सत्तर मिनिटं हायत," मी म्हणालो.

"नियम कोण बघायला येतंय? चारला आमदार येणार हायत मॅच सुरू करायला. त्यास्नी पोरींचं बघत बसवतोस काय?"

अण्णाही तेच म्हणाले. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हा त्यात मला काही वाईटही वाटलं नाही.

वाईट वाटायला लागलं ते सकाळी.

मैदानावरच्या खोलीची किल्ली माझ्याकडं, बॉल तिथं, म्हणून रोज मला जावं लागायचं. पोरींनी पोरांच्या जुन्या जर्सी घातलेल्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या. निम्म्याजणी शाळेच्या बुटांत. पहिले आठ दिवस नुसता कालवा होता. बॉल एकीकडं, आणि बाराच्या बारा जणी त्याच्यामागं. कस्तुरी माझी ट्रॅकपँट आणि वर कुर्ता घालून गोलात उभी राहायची, हातात गाडी चालवायचे ग्लोव्हज. पहिल्या दिवशी नऊ गोल खाल्ले. घरी येताना स्कूटरवर मागनं म्हणाली, "मी डोळं मिटत होतो काय वो बॉल आला की?"

"व्हय."

"उद्या न्हाई मिटणार."

दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटले नाहीत. बॉल नाकावर घेतला. रक्त आलं, ते कुर्त्याला पुसलं आणि पुन्हा उभी राहिली.

आमच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. मला वाटायचं, हिला मी ओळखतो. ती कमी बोलायची, कामाची होती, क्लबपायी मी घरात नसायचो त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. आता ती जेवताना वाटी पुढं ओढून विचारायची, "ही गोलपोस्ट समजा. बॉल ह्या बाजूनं आला तर मी हितं उभारायचं की हितं?" मी काहीतरी सांगायचो. दुसऱ्या दिवशी ते चुकीचं निघायचं आणि ती तसं मला सांगायची.

मार्च लागला तशी माझी तगमग वाढत गेली. दुकानात बसवेना. कॉप्या वाकड्या यायला लागल्या, गिऱ्हाईक कुरकुर करायला लागलं. पोरांची टीम एक मॅच हरली, दोन जिंकली, एक बरोबरीत सुटली. गावात सगळीकडं चौकाचीच चर्चा, हिशेब सरळ होता, शेवटची मॅच नुसती बरोबरीत सोडवली तरी आम्ही वर जाणार. लोक मला रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. आणि मी सकाळी मैदानावर उभा राहून बघायचो की रुबिना आता दोघींना चकवून पास देतेय, कोपऱ्यावरच्या शिक्षिकेची मुलगी डाव्या पायानं कॉर्नर मारतेय, कस्तुरी ओरडून बॅकच्या पोरींना जागेवर उभी करतेय. कस्तुरी ओरडू शकते हे मला त्या महिन्यात कळलं.

तीनदा मी ते दहा मिनिटांचं सांगणार होतो. एकदा कस्तुरीला स्कूटरवर, पण समोर ट्रॅक्टर आडवा आला आणि राहिलं. एकदा जेवताना सुरुवात केली, "कस्तुरी, ती मॅच जरा..." तर ती म्हणाली, "म्हाईत हाय, त्यांची नऊ नंबरची उंच हाय. रुबिना बघून आलीय." तिसऱ्यांदा म्हणजे पोस्टर लागलं तेव्हा. रुबिना दुकानात आली. "दादा, साडेतीनला आमची आणि चारला पोरांची? सत्तर मिनिटं कशी बसायची ह्यात?"

"पोस्टरवाल्यानं घोळ केलाय," मी म्हणालो.

"मग दुरुस्त करून घ्या की."

"घेतो."

शेवटच्या रविवारी मैदानाच्या चारी बाजूंनी माणूस. कौलांवर, भिंतींवर, झाडांवर. हलगी, ताशा, दोन्ही क्लबांचे झेंडे. साडेतीनला पोरी आत आल्या तेव्हा आधी हशा पिकला. कुणीतरी शिट्ट्या मारल्या. रुबिनानं ओढणी कमरेला बांधलेली होती. कस्तुरी गोलकडं चालत गेली, दोन्ही खांबांना हात लावला आणि वळून उभी राहिली.

मॅच सुरू झाली. तीन-चार मिनिटांनी हशा कमी झाला, कारण पोरी खेळत होत्या. किल्ल्याच्या पोरीही. त्यांनीही महिनाभर घाम गाळला होता, हे बॉलला पाय लागला की दिसत होतं. दहाव्या मिनिटाला रेफरीनं हाफटाइमची शिट्टी मारली. रुबिना त्याच्यापाशी गेली. "सर, घड्याळ बंद पडलंय काय?" पोरी पाणी पिऊन पुन्हा उभ्या राहिल्या. आणखी दहा मिनिटं झाली आणि शेवटची शिट्टी वाजली. रेफरीनं बॉल काखेत मारला आणि बाहेर यायला लागला.

पोरी जागच्या जागी थांबल्या. एकमेकींकडं बघत होत्या. किल्ल्याच्या पोरीही तशाच. मग रुबिना माझ्याकडं वळली, लांबून. तिनं काही विचारलं नाही. तिच्या तोंडावरनं मला कळलं की तिला पोस्टर आठवलं.

कस्तुरी गोल सोडून निघाली. सगळं मैदान चालत आली, लाइनपर्यंत, मी उभा होतो तिथं.

"तुम्हाला म्हाईत होतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"फेब्रुवारीपासनं."

तिनं मान हलवली, एकदाच. रेफरी शेजारनं जात होता. तिनं त्याच्या काखेतला बॉल काढून घेतला. हिसकावला नाही, नुसता काढून घेतला. पुन्हा सगळं मैदान ओलांडून गेली, बॉल गोलपुढच्या रेषेवर ठेवला, चार पावलं मागं गेली आणि मारला. बॉल मधल्या वर्तुळापर्यंत गेला. रुबिना धावली. किल्ल्याची नऊ नंबरची धावली. मग सगळ्याच धावल्या.

मैदानातनं असा आवाज आला की आमच्या आसिफच्या गोललाही कधी आला नव्हता.

रेफरी माझ्यापुढं मॅचचा कागद घेऊन उभा राहिला. संभाची सही त्यावर होतीच. "घुगरी, सही करा, मोकळं व्हा. ह्यांना बाहेर काढतो मग."

मागनं अण्णांचा आवाज आला. "कर सही, मल्लू. आमदारांची गाडी आली."

मी पेन घेतलं. कागदावर माझ्या नावाचा रकाना रिकामा होता. अकरा वर्षं मी असल्या रकान्यांत सह्या करत होतो, माझ्याही आणि दुसऱ्यांच्याही. मी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"मॅच संपली की करतो."

"मॅच संपलीय," रेफरी म्हणाला.

"ते बघा, चालू हाय."

रेफरीनं वळून बघितलं. मग अण्णांकडं बघितलं, मग भिंतीवरच्या माणसांकडं. शिट्टी तोंडात धरली आणि आत पळत गेला. तो आत गेला तो मनानं गेला की लोकांच्या भीतीनं, मला आजही सांगता येणार नाही.

अण्णा खुर्चीतनं उठले होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "मल्लू, तीस वर्षं झाली गा."

आमदार अर्धा तास बसले आणि दुसरा कार्यक्रम आहे म्हणून गेले. पोरी पूर्ण सत्तर मिनिटं खेळल्या. शेवटी शेवटी निम्म्या चालतच होत्या, एकीच्या पोटरीत गोळा आला होता, पण बाहेर कोण आलं नाही. दोन मिनिटं उरली असताना किल्ल्याच्या त्या नऊ नंबरनं चाळीस पावलांवरनं बॉल उंच मारला. कस्तुरी पुढं आलेली होती. बॉल तिच्या हातांवरनं गेला आणि दांडीखाली पडला.

एक-शून्य. आम्ही हरलो. रेफरीनं शिट्टी मारली आणि मी सही केली.

पोरांची मॅच सव्वापाचला सुरू झाली. दिवे मैदानावर नाहीतच. आसिफनं गोल केला, किल्ल्यानं फेडला, एक-एक. बरोबरी चालली असती. सूर्य बुडाला, बॉल दिसतो न दिसतो असं झालं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत किल्ल्याला लांबनं फ्री किक मिळाली. आमचा गोलकीपर सदाशिव कोरी. दूध डेअरीत कामाला, हातात बॉल चिकटून बसावा असा गडी. त्याच्या डोक्यावरनं बॉल जाळीत गेला. दोन-एक.

आम्ही तिसरे आलो. सदा गुडघ्यावर बसून ओरडत होता, "दिसलाच न्हाई! अंधारात काय दिसणार?" आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. अंधार कुणामुळं झाला, ते गावाला माहीत होतं. मला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. अण्णांनी तिथंच हात पुढं केला. मी खोलीची किल्ली आणि क्लबचा शिक्का त्यांच्या हातावर ठेवला. घरी येऊन दाराला आतनं कडी घातली.

कस्तुरी मागच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. गुडघा सोलवटलेला, कोपराला माती. मी शेजारी उभा राहिलो. म्हणालो, "मी तवा सही केली न्हाई."

"बघितलं."

"सेक्रेटरीपद गेलं."

"ऐकलं." तिनं एक बूट काढला. "तुमच्या सहीसाठी कोण थांबलं होतं? मी बॉल मारला तवा कागद तुमच्या हातातबी आला नव्हता."

हे खरं होतं. घरी येताना वाटेत मी मनात एक गोष्ट रचत आलो होतो. तिच्यात मी पोरींसाठी काहीतरी मोठं केलेलं होतं. ती तिथंच संपली.

"आणि तुम्ही सांगितलं न्हाईसा, त्याचं बोलायचं हाय," ती म्हणाली. "पण आत्ता न्हाई. आत्ता मला एवढंच सांगा. त्या बॉलला मी पुढं आलो ते चुकलं, की हात उशिरा वर केलं ते चुकलं?"

"मला कळत न्हाई."

"अकरा वर्षं सेक्रेटरी होतासा."

"सेक्रेटरीला कागद कळतात, कस्तुरी."

"मग ज्याला कळतंय त्याला इचारून या."

"कुणाला?"

"सदाला."

आख्ख्या गावात त्या दिवशी माझं तोंड बघायची ज्याची सगळ्यात कमी इच्छा असेल, त्याचंच नाव तिनं घेतलं होतं. पण ती चेष्टा करत नव्हती.

सोमवारी आठ वाजता, डेअरीची पहिली पाळी सुटल्यावर, मी सदाच्या दारात गेलो. त्यानं दार उघडलं, मला बघितलं आणि न बोलता आत निघून गेला. दार मात्र लावलं नाही. त्याच्या आईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी उभाच.

"काय पायजे?" आतनं आवाज आला.

"एक इचारायचं होतं."

"आता काय र्‍हायलंय इचारायचं?"

"मी न्हाई इचारत. कस्तुरीनं पाठवलंय. तिच्या गोलाबद्दल."

आत खाट कुरकुरली. मग सदा दारात आला. बनियनवर, डोळे लाल. रात्रभर झोपला नसावा.

"बॉल किती लांबनं आला?"

"चाळीस पावलं."

"वैनी कुठं होत्या?"

मी सांगितलं. तो पायरी उतरून बोळात आला. पायानं मातीत रेघ ओढली, ही गोलची रेषा. तिच्यापुढं चार पावलं टाकली. "हितं?"

"हितंच."

"बॉल उंच उडाला की सगळे पुढं जात्यात. वाटतंय, पोचू. वैनीस्नी सांगा, पयलं पाऊल मागं. उंच बॉल दिसला की काय बघायचं न्हाई, पयलं पाऊल मागं. मागनं पुढं यायला येतंय. पुढनं मागं जायला वेळ मिळत न्हाई." त्यानं ते करून दाखवलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी पाऊल मागं टाकून तो तसाच थांबला, हात वर, बोळाच्या मध्ये.

"मल्लूदा," तो म्हणाला, "काल मीबी पुढं गेलतो."

मी मातीतल्या रेघेकडं बघितलं.

"बॉल दिसला होता मला. पायातनं सुटल्यापासनं दिसला होता. अंधार-बिंधार काय न्हाई." त्यानं हात खाली घेतले. "मी पुढं गेलो. सगळ्यांस्नी अंधार म्हणून सांगितलं."

बोळातनं एक बाई कळशी घेऊन गेली. सदा आत गेला आणि आता मात्र दार लागलं.

घराकडं येताना माझी पावलं जमिनीवर ठरत नव्हती. चौकात अण्णा आणि पोरं बसलेली दिसत होती. नुसतं वळायचं आणि सांगायचं, की अंधार नव्हता. दोन मिनिटांत माझं सगळं परत आलं असतं. मी कोपऱ्यावर थांबलो. मग आधी घरी गेलो.

कस्तुरी स्वयंपाकघरात होती. मी तिला सदानं सांगितलेलं सांगितलं. तिनं चपातीचं पीठ लागलेले हात वर केले, ओट्यापुढं उभी राहिली, वर छताकडं बघितलं आणि एक पाऊल मागं टाकलं. पुन्हा टाकलं. मागं पिंपाला टेकली, पिंप बाजूला सरकवलं आणि पुन्हा टाकलं.

मग मी तिला दुसरंही सांगितलं. सदाला बॉल दिसला होता, ते.

ती थांबली. "कुणाला सांगितलंसा?"

"अजून न्हाई. चौकात सगळी बसल्यात."

"सांगू नका."

"अगं, सगळं गाव मला..."

"तो सांगंल तवा सांगंल. गोल खाल्ल्यावर काय होतंय ते तुम्हाला न्हाई कळायचं." ती हात धुवायला वळली. "मला काल कळलंय."

मी सांगितलं नाही. पुढं चौकाची टीम वर गेली, पण तीन वर्षांनी. मी पुन्हा सेक्रेटरी झालो नाही. अण्णा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी स्वतः खुर्ची घेऊन पोरींच्या सरावाला येऊन बसले, आणि तेव्हापासून येतात. रुबिना आता पोरींना शिकवते, आणि गोलकीपरांना शिकवायला सदा येतो. गेल्या वर्षी त्यानं सगळ्या पोरींपुढं, अण्णांच्या खुर्चीसमोर, आपण होऊन सांगितलं की त्या दिवशी मला बॉल दिसला होता. म्हणून मी आज हे लिहू शकतो.

पण त्या सोमवारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. कस्तुरीनं हात पुसले, गॅस बारीक केला आणि पाट माझ्याकडं सरकवला.

"बसा," ती म्हणाली. "आता फेब्रुवारीचं बोलू."

मी बसलो.